साईट इंजिनिअर ते प्रोजेक्ट मॅनेजर: नाशिकमधल्या सिव्हिलवाल्यांसाठी

सिव्हिलची पदवी किंवा पदविका हातात आली की नाशिकमधली मुलं दोन गोष्टी विचारतात. प्रिमाव्हेराचा (कामाचं वेळापत्रक बनवायच्या सॉफ्टवेअरचा) क्लास कुठे लावू, आणि पुण्याला कधी जाऊ? प्रश्न चुकीचे नाहीत, पण फार लवकर विचारले जातात. मालकाने "काम कुठवर आलं, किती पैसे गेले, अजून किती लागतील आणि संपणार कधी" असं विचारल्यावर जो चारही उत्तरं कागद समोर ठेवून देतो, तो प्रोजेक्ट मॅनेजर. सॉफ्टवेअर तो कागद नीटनेटका करून देतं. त्यात भरायचे आकडे साईटवरूनच येतात.

आणि ते आकडे शिकायला नाशिक चांगलं गाव आहे. पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगाव, गंगापूर रोड या पट्ट्यातल्या बहुतेक साईट मध्यम आकाराच्या आणि ऑफिसात माणसं मोजकी. मुंबईच्या टॉवरवर नवीन मुलगा वर्षभर एकाच कामाच्या मापांची शीट भरत बसू शकतो. इथे तोच मुलगा सकाळी स्टील तपासतो, दुपारी क्रश सँडची (दगड फोडून केलेल्या वाळूची) गाडी ब्रासने (शंभर घनफुटांच्या मापाने) मोजून घेतो आणि संध्याकाळी गिलाव्याच्या ठेकेदाराशी मापावरून हुज्जत घालतो. दमछाक होते, पण पाच-सहा वर्षांत सगळी टेबलं फिरून होतात. खाली जो क्रम देतोय, तो ही टेबलं ठरवून फिरण्याचा आहे.

आधी शिक्षण, थोडक्यात

दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला जाणं हा रस्ता या क्षेत्रात अजिबात कमी दर्जाचा नाही. उलट पदविकेची मुलं ड्रॉइंग लवकर वाचतात, असं माझं मत आहे. शासकीय तंत्रनिकेतन, क. का. वाघ, मविप्रचं अभियांत्रिकी महाविद्यालय, कुठूनही शिका. पहिल्या मुलाखतीनंतर कॉलेजचं नाव फारसं कोणी काढत नाही. इंटर्नशिपला मात्र खरोखर साईटवर जा, सर्टिफिकेटपुरतं जाऊ नका. दिंडोरी रोडवर मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपल्याच गावात आहे. माती आणि काँक्रीट यांच्या चाचण्या एका राज्यासाठी कशा चालतात हे कॉलेजमार्फत एकदा पाहून या.

पदवीनंतर लगेच बांधकाम व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का? दोन वर्षं साईट करून गेलात तर वर्गात शिकवलेलं कशाला लागतं ते कळतं. आधी गेलात तर सगळं पाठ होतं आणि काहीच पचत नाही. घरची परिस्थिती किंवा शिष्यवृत्तीमुळे आत्ताच जावं लागत असेल तर जा, पण सुट्ट्या साईटवर काढा.

पहिली दोन वर्षं: माप, ड्रॉइंग, नोंद

पहिली नोकरी शक्यतो ठेकेदाराकडे किंवा स्वतः काम करून घेणाऱ्या बिल्डरकडे घ्या. सल्लागाराच्या ऑफिसात एसी असतो, पण तिथे दुसऱ्याने केलेलं काम तपासायचं असतं आणि अजून आपण केलेलंच काही नसतं.

या काळात तीन गोष्टी हाताला बसल्या पाहिजेत. पहिली, ड्रॉइंग. आर्किटेक्टचं आणि आरसीसीचं (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचं) ड्रॉइंग शेजारी ठेवून विसंगती शोधायची, आणि ती सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा आणि त्याचे टेकू) लागण्याआधी शोधायची. प्रत्येक ड्रॉइंगवर आवृत्ती आणि तारीख असते. साईटवर जुनी प्रत फिरत राहिली की टॉयलेटचा सनकन (खाली उतरवलेला) स्लॅब चुकीच्या जागी पडतो. ड्रॉइंग रजिस्टर ठेवा आणि जुन्या प्रतीवर लाल पेनाने 'रद्द' लिहा.

दुसरी गोष्ट, बीबीएस (कोणती सळई किती लांब, किती नग याचा तक्ता) आणि काँक्रीटचा हिशेब. सळईचं मीटरी वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२. १२ मिमीच्या सळईला साधारण ०.८९ किलो. कॅल्क्युलेटर उघडण्याआधी अंदाज सांगता आला पाहिजे. १५० चौरस मीटरचा १२५ मिमी जाडीचा स्लॅब म्हणजे पावणेएकोणीस घनमीटर. बीम अकरा घनमीटर धरले तर एकूण तीसच्या आसपास, म्हणजे सहा घनमीटरच्या पाच मिक्सर गाड्या. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे), म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी नऊ. सात दिवसांचे वेगळे भरायचे. स्लॅबच्या दिवशी क्यूबचे साचे कमी पडले, तर ते आदल्या दिवशी मोजायला हवे होते.

तिसरी गोष्ट, नोंद. रोजचा रिपोर्ट भरणं नवीन मुलांना शिक्षा वाटते. किती गवंडी, किती बिगारी, किती फिटर आले, काय काम झालं, काय अडलं, पाऊस किती वाजता सुरू झाला आणि कधी थांबला, एवढंच लिहायचं असतं. पण सहा महिन्यांच्या अशा नोंदी हाताशी असल्या की तुमच्या साईटवर एक गवंडी दिवसाला किती चौरस मीटर गिलावा करतो हे तुम्हाला ठाऊक असतं, आणि पुढचं सगळं नियोजन याच आकड्यावर उभं राहतं. पुस्तकातला उत्पादकतेचा आकडा तुमच्या मुकादमाने वाचलेला नसतो.

तिसरं वर्ष बिलिंगला द्या

हा टप्पा बहुतेक जण टाळतात, कारण बिलिंग म्हणजे ऑफिसात बसून एक्सेल, आणि साईटवरचा रुबाब जातो. माझ्या मते मॅनेजर होणारा आणि न होणारा इथेच वेगळा होतो. ज्याला पैशाचा प्रवाह दिसत नाही, तो कितीही चांगला स्लॅब टाकत असला तरी पन्नाशीत सिनियर साईट इंजिनिअरच राहतो.

ठेकेदाराचं आरए बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणारं बिल) हातात घ्या आणि उलटं वाचा. शेवटची देय रक्कम कशी आली? झालेलं एकूण काम, त्यातून मागच्या बिलापर्यंतचं वजा, मग रिटेन्शन (हमी म्हणून राखून ठेवलेली रक्कम), टीडीएस, दिलेला ॲडव्हान्स, मालकाने पुरवलेल्या मालाची वसुली. रिटेन्शनचा टक्का आणि तो परत कधी मिळणार हे करारात असतं, म्हणून करार आधी वाचा. माप कसं घ्यायचं हे आयएस १२०० मध्ये आहे. गिलाव्यात दार-खिडकीच्या किती मोठ्या उघाड्याची वजावट होते आणि कोणत्या लहान उघाड्याची होत नाही, यावरून साईटवर जितकी भांडणं होतात तितकी दुसऱ्या कशावरून होत नसतील. करारात मापाची पद्धत लिहून घेतली असेल तर अर्धी भांडणं सुरूच होत नाहीत. माप नेहमी ठेकेदाराच्या माणसाला सोबत घेऊन घ्यायचं, सही तिथेच. झाकलं जाणारं काम, म्हणजे पाया, स्टील, वॉटरप्रूफिंग, झाकण्याआधी मोजायचं आणि फोटो काढायचा.

दुसरा धडा मालाच्या ताळमेळाचा. समजा १२ मिमीचं ४० टन स्टील आलं. बीबीएसप्रमाणे वापर ३६.२ टन, साईटवर शिल्लक २.१ टन, तुकडे ०.९ टन. हिशेबात ०.८ टन सापडत नाही. किलोला साठ रुपये धरले तरी ४८ हजार. नवखा माणूस लगेच वॉचमनकडे बघतो. थांबा. आयएस १७८६ मध्ये १२ मिमीच्या सळईला मीटरी वजनात ५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं. सळई जड आली असेल तर वजनकाट्यावर ४० टन भरलं आणि लांबीने मात्र ते कमीच होतं. म्हणून प्रत्येक लॉटचे दोन-तीन तुकडे मोजून, वजन करून खरं मीटरी वजन लिहून ठेवायचं. त्यानंतरही फरक राहिला तर मग गेटचं रजिस्टर उघडा. हा एक कागद मालकाच्या टेबलावर दर महिन्याला ठेवा. पगारवाढीचा विषय त्याच्याकडूनच निघण्याची शक्यता बरीच आहे.

दर विश्लेषणही याच वर्षात शिका. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची घेऊन एका बाबीचा दर माल, मजुरी, यंत्र, वाहतूक, नफा असा फोडून पाहा, आणि मग तोच दर नाशिकच्या बाजारातल्या भावाने पुन्हा बांधा.

मग नियोजन, आणि तेही कागदावर

आता प्रिमाव्हेरा किंवा एमएस प्रोजेक्ट शिका. पण त्याआधी एक सराव हाताने करा.

सात स्लॅबची इमारत घ्या. आयएस ४५६ प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटला आणि नेहमीच्या हवामानात ४.५ मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू १४ दिवस काढायचे नाहीत. सहा मीटरपर्यंतच्या बीमचेही १४ दिवस. फ्लाय ॲशच्या सिमेंटला हा काळ स्ट्रक्चरल इंजिनिअर वाढवून सांगतो. तुमच्याकडे सेंटरिंगचा एकच संच आहे. आजचा स्लॅब भरल्यावर वरचे कॉलम तर होतील, पण पुढचं सेंटरिंग चौदा दिवसांनीच मोकळं होणार. ते वर चढवणं, लेव्हल, स्टील, इलेक्ट्रिकचे पाइप, तपासणी यांना आणखी आठ-नऊ दिवस. म्हणजे चक्र २३ दिवसांचं. दुसरा संच असेल तर वाट बघायची नाही: कॉलमला चार-पाच दिवस, सेंटरिंग, स्टील आणि तपासणीला दहा, म्हणजे चक्र १५ दिवसांवर येतं. सात स्लॅबमध्ये सहा अंतरं, प्रत्येकी आठ दिवस, एकूण ४८ दिवस वाचले.

आता खरा प्रश्न. दुसऱ्या संचाचं भाडं जास्त, की दीड महिन्याचा साईटचा खर्च, बँकेचं व्याज आणि ग्राहकांचे अडकलेले हप्ते जास्त? हे गणित मांडून मालकासमोर ठेवणं म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट. बार चार्टला रंग देणं नव्हे. आणि कुणी "दहाव्या दिवशीच टेकू काढून टाकू, काही होत नाही" म्हणालं, तर ठाम नाही म्हणता येणं हाही या कामाचाच भाग आहे.

असा एक प्रकल्प हाताने मांडला की क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळा प्रकल्प लांबतो ती साखळी) हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मग सॉफ्टवेअर पटकन येतं. दर शनिवारी पुढच्या तीन आठवड्यांचा तक्ता काढा आणि मागच्या आठवड्यात ठरवलेलं किती झालं, किती राहिलं आणि का राहिलं, ते शेजारी लिहा. बहुतेक साईटवर 'का राहिलं' हा रकानाच नसतो.

नाशिकचं कॅलेंडर वेगळं आहे

सॉफ्टवेअरमध्ये सुट्ट्या टाकताना रविवार आणि दिवाळी टाकून मोकळे झालात तर वेळापत्रक कोसळणार. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडचे मजूर जुलैमध्ये भातलावणीला गावी जातात. ऑक्टोबरच्या आसपास निफाड-दिंडोरीत द्राक्षाची गोडी (फळासाठीची) छाटणी सुरू होते आणि तिथे मजुरी चांगली मिळते. तेव्हा बिगारी साईटवर का थांबेल? बिहार, उत्तर प्रदेशचे फिटर आणि टाइल्सवाले छठ आणि होळीला जातात, आणि परत कधी येतील ते मुकादमालाही नक्की माहीत नसतं. म्हणून या दिवसांत कमी माणसांत होणारी कामं ठेवा, आणि जाण्याआधी त्यांचा हिशेब चुकता करा. पैसे अडकवून माणूस परत येतो हा गैरसमज आहे. जिथे पैसे वेळेवर मिळतात तिथे तो परत येतो.

पाऊसही सगळीकडे सारखा नाही. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि सिन्नर कोरडं. त्र्यंबक रोडच्या साईटचं बाहेरच्या गिलाव्याचं वेळापत्रक सिन्नरच्या एमआयडीसीत चालणार नाही. काळ्या मातीत खोदकाम असेल तर पाया आणि जोतं जूनच्या आत उरकायचं, नाहीतर पाणी उपसण्यातच बजेट जातं. उन्हाळ्यात उलटं: काँक्रीटला सकाळची वेळ, आणि कोरड्या-गरम हवेत किमान दहा दिवस क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं). पाण्याच्या टँकरचा खर्च अंदाजपत्रकात धरला होता का, तेही पाहा.

गोदावरी, नासर्डी, वाघाडीच्या काठची जमीन असेल तर पहिल्याच दिवशी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहा. निळी साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. काय बांधता येईल हे त्यावर ठरतं.

याच गावात अंतिम तारीख न हलणारं काम कसं असतं तेही दिसतं. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चं आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ चं. घाट असो, पूल असो, रस्ता असो, मुदतवाढ मागायची सोय नाही. अशा कामावर संधी मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी घ्या. शेवटच्या तारखेपासून मागे येत प्रत्येक टप्प्याची तारीख कशी ठरवतात, हे तिथे सक्तीने शिकायला मिळतं.

दाखले, महारेरा आणि सुरक्षितता

बांधकाम परवानगी, जोतं तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) ही साखळी आर्किटेक्टची जबाबदारी म्हणून सोडून देऊ नका. अग्निशमनचा ना हरकत दाखला, लिफ्टची परवानगी, वीज आणि पाण्याची जोडणी हे सगळं वेळापत्रकात कामासारखंच टाका. इमारत रंगून तयार आणि भोगवटा अडलेला, असं चित्र नाशिकमध्ये दुर्मीळ नाही. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून आहे. निदान सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग आणि बाल्कनीचे भाग वाचा.

महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामकाची) नोंदणी ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असल्यास लागत नाही, त्यापुढे लागते. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात, आणि ते काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे दाखले लागतात. म्हणजे तुमच्या मोजलेल्या प्रगतीवर कंपनीचा पैसा मोकळा होतो. ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची असते, म्हणून टॉयलेटमध्ये पाणी साठवून घेतलेल्या चाचणीची तारीख आणि फोटो पाच वर्षं सापडले पाहिजेत.

सुरक्षिततेचे चांगले धडे घरांच्या साईटपेक्षा कारखान्यांच्या साईटवर मिळतात. सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर किंवा दिंडोरीतल्या अक्राळे इथे मोठ्या कंपनीच्या शेडवर वर्षभर काम करून पाहा. उंचीवर चढायला परवाना, वेल्डिंगला वेगळा परवाना, सकाळी दहा मिनिटांची सूचना, हेल्मेटशिवाय गेट उघडत नाही. सुरुवातीला जाच वाटतो. मग घरांच्या साईटवर परत आल्यावर बांबूचा पहाड (परांची) बघून धडकी भरते, आणि ती भरलीच पाहिजे. मजुरांना बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो मागायला आलेल्या माणसाला आठवडाभर फिरवू नका.

माणसं आणि पत्रं

मुकादमाला दादा म्हणा, मिस्त्रीला मामा म्हणा, पण ठरलेलं लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर "ओके साहेब" आलं म्हणजे मान्यता मिळाली असं समजू नका, संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाका: "आज साईटवर झालेल्या चर्चेप्रमाणे दुसऱ्या मजल्यावरची किचनची भिंत १५० मिमी सरकवत आहोत. यामुळे वाढणारं काम व दिवस सोबत जोडले आहेत." भाषा गोड, आकडे स्पष्ट. ड्रॉइंग उशिरा आलं, जागा मोकळी मिळाली नाही, निर्णय अडला, तर त्याच आठवड्यात कळवा. सहा महिन्यांनी मुदतवाढ मागताना लिहिलेलं पत्र सबब वाटतं. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असं पत्र लिहिता आलं पाहिजे. इथे इंजिनिअर कमी पडतात, आणि हे शिकायला फी लागत नाही.

सर्टिफिकेट, नोकरी बदलणं आणि स्वतःचं काम

पीएमपीला (प्रोजेक्ट मॅनेजरच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राला) पदवीधराला ३६ महिन्यांचा प्रकल्प चालवण्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यामुळे पहिल्या वर्षी तो विषयच नाही. अनुभवाचा तपशील मात्र पहिल्यापासून लिहून ठेवा: प्रकल्प, तारखा, तुमची जबाबदारी, आणि खात्री देऊ शकेल असा वरिष्ठ. आखाती देश, बहुराष्ट्रीय सल्लागार किंवा पुण्या-मुंबईच्या पीएमसीत (मालकाच्या वतीने प्रकल्प सांभाळणाऱ्या सल्लागार कंपनीत) जायचं असेल तर पीएमपीचा उपयोग होतो. नाशिकच्या बिल्डरकडे त्यापेक्षा स्टीलचा ताळमेळ जास्त बोलतो.

मुलाखतीला जाताना पाच कागदांची फाईल न्या: एक बीबीएस, एक आरए बिल, एक दर विश्लेषण, ठरवलेलं आणि झालेलं शेजारी दाखवणारं एक वेळापत्रक, एक पत्र. कंपनीची आणि माणसांची नावं, दर खोडून. पगाराआधी विचारा की खरेदी कोण करतं, बिल कोण मंजूर करतं, आणि मी कोणाला रिपोर्ट करायचा. तिन्हींचं उत्तर "मालक" असेल तर तिथे पद काहीही दिलं तरी काम सुपरवायझरचंच राहील. एक तरी प्रकल्प पायापासून भोगवट्यापर्यंत केल्याशिवाय शक्यतो नोकरी बदलू नका. फिनिशिंग आणि ताबा न पाहिलेल्या माणसाला अंदाजपत्रकाचा शेवटचा भाग कायम कमी पडतो.

दहा-बारा वर्षांनंतर स्वतःची पीएमसी काढायची असेल तर नाशिकमध्ये जागा आहे. जमीनमालक, डॉक्टर, शाळा, छोटे उद्योजक आयुष्यात एकदाच इमारत बांधतात आणि त्यांच्या बाजूने माप घेणारं कोणीच नसतं. सुरुवात एका हॉस्पिटलच्या किंवा शेडच्या कामाने करा. फी प्रकल्प खर्चाच्या टक्क्यात घेऊ नका; खर्च वाढला की तुमची फी वाढते, आणि मग तुम्ही वाचवलेल्या पैशावर मालकाचा विश्वास बसत नाही. महिन्याची ठराविक रक्कम ठरवा, मुदत लांबली तर पुढच्या महिन्यांचं काय ते करारात लिहा, आणि पहिल्या महिन्याची फी कामाला हात लावण्याआधी घ्या.